सरकारी हेलपाटे : कायद्याने घातलेली मुदत

रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. मुख्यालय ओरोसला आल्याने मालवण किनाऱ्यावरील नागरिकाची रत्नागिरीची वाट वाचली. हेलपाटे मात्र वाचले नाहीत. सातबाऱ्यावरील वारसनोंदीसाठी रजा काढून गावी आलेला चाकरमानी असो वा दाखल्यासाठी दिवस बुडविणारा मच्छीमार, ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ हे उत्तर त्याला परवडणारे नसते.

प्रकरण मुंबईला गेले, की मंत्रालयाच्या दारात प्रवेशपत्र आणि झडतीची रांग लागते. भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी खेटे घालून थकलेले धुळे जिल्ह्यातील शेतकरी धर्मा पाटील यांनी जानेवारी २०१८ मध्ये तेथे विष घेतले. त्याच वर्षी मंत्रालयात उडी मारण्याचे प्रकार रोखण्यासाठी जाळी बसविण्यात आली. बंदोबस्त वाढला, पण त्याने फाईल हलत नाही.

त्यासाठी राज्यात दोन कायदे आहेत. विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या अधिनियमानुसार कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजी दिवसांहून अधिक काळ पडून राहता कामा नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना ठरावीक मुदत घातली. ती उलटल्यास तीस दिवसांत प्रथम अपील करता येते. सबळ कारणाविना सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो.

मात्र अर्ज लेखी वा ऑनलाइन देऊन त्याची पोच घेणे आवश्यक असते. तोंडी चौकशी करून परतणाऱ्याचा हेलपाटा कोठेच नोंदला जात नाही.