होमोसिस्टीन : दोन मुलांच्या धमन्या आणि आपली गोळी

हल्ली रक्ततपासणीच्या पॅकेजमध्ये ‘होमोसिस्टीन’ अशी एक ओळ असते. आकडा वाढला की लोक मला रिपोर्ट पाठवतात. मी डॉक्टर नाही, पत्रकार आहे. पण या शब्दामागचा इतिहास सांगतो.

१९३३ साली बोस्टनमध्ये आठ वर्षांचा मुलगा पक्षाघाताने गेला. मानेतल्या धमन्या म्हाताऱ्यासारख्या कडक झालेल्या. तीसेक वर्षांनी त्याच्याच घराण्यातल्या मुलीत होमोसिस्टिन्युरिया हा आनुवंशिक आजार सापडला, तेव्हा डॉ. किल्मर मॅककली यांनी त्या मुलाचे जपलेले नमुने पुन्हा तपासले. मग आली दोन महिन्यांच्या बाळाची केस. बिघाड वेगळ्याच ठिकाणी, धमन्या मात्र तशाच खराब! मोठ्या मुलाच्या आजारात मेथिओनिन वाढतं, बाळात ते कमी होतं. दोघांत समान एकच, साचलेलं होमोसिस्टीन. १९६९ मध्ये त्यांनी हे छापलं. तेव्हा सगळा जोर कोलेस्टेरॉलवर. (या लेकरांनी कुठलं एवढं लोणी-तूप खाल्लं होतं?) पुढे दहाएक वर्षांत मॅककलींना हार्वर्ड सोडावं लागलं.

शरीरात होतं असं : मेथिओनिनपासून बनलेला एक पदार्थ ‘मिथाइल’ गट देऊन टाकतो. हेच गट डीएनएवर खुणा करतात, कुठलं जनुक चालू, कुठलं बंद ते ठरवायला मदत करतात. देऊन झाल्यावर उरतं होमोसिस्टीन. त्याचं परत मेथिओनिन करायला फोलेट आणि बी-१२ दोन्ही लागतात.

मग गोळ्या द्या, काम झालं? तसं नाही झालं. २००६ च्या होप-२ चाचणीत ५,५२२ रुग्ण होते. होमोसिस्टीन उतरलं, हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. पक्षाघात थोडे घटले, एवढंच. म्हणजे मॅककली अर्धे बरोबर, असं माझं मत.

आपल्यासाठी खरा मुद्दा पुण्याचा. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला. निम्म्याहून जास्त बायकांत बी-१२ कमी. फोलेटची कमतरता जवळपास कुणालाच नाही. ज्या आयांमध्ये फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त आढळलं. हे छापून आलं २००८ मध्ये.

आरोग्य केंद्रात गर्भवतींना मिळणाऱ्या सरकारी गोळीत आजही लोह आणि फॉलिक ॲसिडच असतं. बी-१२ नसतं.