साखळी नसलेली गाडी

गेल्या आठवड्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. त्याने जुनी, म्हणजे दुसऱ्याने वापरलेली बीएमडब्ल्यू मोटरसायकल घेतली आहे, आर १२०० जीएस. जूनमध्ये बायकोला मागे बसवून लडाखला निघायचा बेत आहे. कौतुकाने सांगत होता, "मामा, हिला चेनच नाही. शाफ्ट आहे. तेल सोडायला नको, ताणायला नको, काही बघायलाच नको!"

"काही बघायलाच नको" हे शब्द ऐकले आणि मला तामलवाडीचा रस्ता आठवला. ती हकीकत पुढे येईलच. आधी थोडा इतिहास सांगतो. मास्तरकीची सवय आहे, ती काही जात नाही.

इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत न्यायला मोटरसायकलने सायकलची साखळी उचलली. साखळी स्वस्त, हलकी आणि रस्त्यात कुठेही दुरुस्त होणारी. पण ती उघड्यावर असते. धूळ खाते, पावसात भिजते, सैल पडते. आमच्या कॉलनीतले राजदूतवाले रविवारी सकाळी रॉकेलची वाटी आणि जुना ब्रश घेऊन बसलेले दिसत. ते पाहून आम्ही स्कूटरवाले हसायचो.

साखळी काढून टाकायचे प्रयत्न फार जुने आहेत. बेल्जियमच्या एफएन कंपनीने १९०५ साली चार सिलिंडरची, दांड्यावर म्हणजे शाफ्टवर चालणारी मोटरसायकल आणली होती. पण ही कल्पना खरी रुजवली ती बीएमडब्ल्यूने. पहिल्या महायुद्धात ही कंपनी विमानांची इंजिनं बनवत होती. जर्मनी हरला आणि व्हर्सायच्या तहाने विमानांच्या इंजिनांवर बंदी आली. तेव्हा माक्स फ्रिट्झ या विमान-इंजिनांच्या इंजिनिअरने १९२३ साली आर ३२ ही मोटरसायकल आखली. इंजिन असं बसवलं की त्याचा दांडा गाडीच्या लांबीच्या दिशेने फिरेल. मग तीच गती पुढे शाफ्टने मागे न्यायची आणि चाकापाशी काटकोनात वळवायची. हे वळवण्याचं काम करणाऱ्या दातेरी जोडीला आपले मिस्त्री क्राउन-पिनियन म्हणतात. ती तेलाने भरलेल्या बंद पेटीत फिरते.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत असंच काहीसं घडलं. पॉन्तेदेराचा पियाज्जिओचा विमान कारखाना बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाला होता. कोर्रादिनो दास्कानिओ हा हेलिकॉप्टरवर काम केलेला इंजिनिअर. त्याला मोटरसायकल मुळीच आवडत नसे. कपडे खराब करणारी साखळी आणि पंक्चर काढायला त्रास देणारं चाक, ही त्याची तक्रार. त्याने १९४६ साली व्हेस्पा आखली. त्याने साखळीही काढली आणि लांब दांडाही काढला. इंजिन नि गिअरबॉक्स थेट मागच्या चाकाशेजारी बसवले. गिअरबॉक्समधून बाहेर आलेला छोटा आस, त्यावर हब, हबवर चाक. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलेलं. चार-पाच नट काढले की चाक हातात आणि स्टेपनी जागेवर.

हीच गाडी आपल्याकडे आली. बजाज मंडळींच्या बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने १९४८ पासून ती आयात केली, १९५९ साली इथे बनवण्याचा परवाना मिळाला आणि आकुर्डीला कारखाना उभा राहिला. इटलीशी असलेला करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ साली महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन 'चेतक' आली. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सची 'प्रिया' साताऱ्याहून येऊ लागली. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहणं हा तेव्हा घराघरातला विषय होता. आमची चेतक १९८३ साली आली. पेढे वाटले, हार घातला, लिंबं चिरडली. आता काही बघायलाच नको, असं मीही तेव्हा म्हणालो होतो.

१९८६ च्या हिवाळ्यात आम्ही दोघं तुळजापूरला दर्शनाला गेलो. त्याआधी आठेक दिवस गाडी सुटताना आणि ब्रेक दाबताना मागून 'टक्' असा आवाज येत होता. मी तो ऐकून सोडून देत होतो. दर्शन झालं, घाट उतरलो आणि तामलवाडीच्या अलीकडे सौ. म्हणाल्या, "अहो, मागचं चाक नाचतंय." मी म्हटलं, रस्ता खराब आहे. त्या म्हणाल्या, "रस्ता नाही, चाक. थांबवा आधी."

थांबवली. गाडी स्टँडवर घेऊन चाक हलवलं तर ते बोटभर डुलत होतं. मधली टोपी काढली. मोठा नट शेवटच्या दोन आट्यांवर कसाबसा उभा होता आणि तो फिरू नये म्हणून असते ती कॉटर पिन जागेवरच नव्हती. दोन महिन्यांपूर्वी रस्त्याकडेच्या एका गॅरेजमध्ये ब्रेक लायनर बदलून घेतले होते, तेव्हा ती बसवायची राहिली असावी. पण तो मुलगा काम करत असताना मी बाकड्यावर पेपर वाचत बसलो होतो आणि नंतर आठ दिवस आवाज ऐकला होता. दोष कुणाला द्यायचा?

बैलगाडी घेऊन चाललेला एक म्हातारा थांबला. त्याने चाकाकडे पाहिलं, मग आम्हां दोघांकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "खीळ बघत जावा की मास्तर." मी मास्तर आहे हे त्याला कसं कळलं कोण जाणे! स्कूटरच्या पान्याने नट आवळला, त्याने दिलेली तार पिनच्या जागी घालून पिळली आणि बैलाच्या चालीने सोलापूर गाठलं. तिथे मिस्त्रीने हब काढून दाखवला. आतले दाते झिजून गुळगुळीत होत आले होते. हब नि आस दोन्ही बदलावे लागले. ते चाक घाटात निघालं असतं तर, हा विचार मी आजही पुरा करत नाही.

त्या रात्री मला आजोबांची बैलगाडी आठवली. निघण्याआधी ते दोन्ही चाकांच्या खिळी हाताने चाचपत, तुंब्यात वंगण घालत, मगच कासरा धरत. बैलगाडीचा आस कोरडा पडला की कुरकुरतो, साखळी सैल झाली की खडखडते. दास्कानिओने आणि फ्रिट्झने ते सगळं झाकून टाकलं, तेलात बुडवलं. आपली सोय झाली, पण झीज काही थांबली नाही, ती फक्त नजरेआड गेली. भाच्याच्या गाडीचंच पाहा. २००४ साली ही आर १२०० जीएस आली तेव्हा मागच्या पेटीतलं तेल कधी बदलावंच लागणार नाही असं ठरलं होतं. पुढे खुद्द कंपनीलाच ते बदलायला सांगावं लागलं.

म्हणून भाच्याला इथेच लिहितो. बाळा, मेन स्टँड लाव आणि मागचं चाक वर-खाली धरून हलव. किंचितही खडखड लागली तर बेअरिंग तपासून घे. चाक हाताने फिरव आणि कान दे, घरघर नको. रिमवर तेलाचा ओघळ दिसला तर ऑइल सील गेलं समज. पेटीतलं तेल बदलताना चुंबकाच्या बुचावर बारीक करडा चिखल असेल तर चालेल, चकचकीत कपचे नकोत. शाफ्टवरचं रबर फाटलेलं नाही ना, ते बघ. धुताना जोराच्या फवाऱ्याची नळी बेअरिंगवर धरू नकोस, आतलं ग्रीस जातं आणि पाणी शिरतं. आणि काम चालू असताना पेपर वाचू नकोस!

जुनी चेतक बनायची पुढे बंद झाली. आता त्या नावाची विजेची स्कूटर निघते, तिलाही साखळी नाही. आमची गाडी २००५ सालीच विकली. पण ती होती तोवर गावाबाहेर जाताना मागे बसण्याआधी सौ. विचारायच्या, "चाक बघितलंत का?" आणि मी वाकून बघायचो. परवा भाच्याचा बेत त्यांना सांगितला, तर त्यांनी फोन हातातून घेतला आणि सुनेला पहिलं वाक्य तेच सांगितलं, "निघताना त्याला विचार, चाक बघितलं का."

असो.