करार मोडतात, किंमत कोण मोजतो?

५ फेब्रुवारी २०२६ रोजी अमेरिका आणि रशिया यांच्यातील 'न्यू स्टार्ट' कराराची मुदत संपली. २०१० साली प्राग येथे सह्या झालेल्या या कराराने दोन्ही देशांच्या तैनात सामरिक अण्वस्त्रांवर प्रत्येकी १,५५० ची मर्यादा घातली होती. वर्षाला १८ वेळा एकमेकांच्या तळांवर जाऊन तपासणी करण्याचा अधिकारही दिला होता. कोरोनाकाळात तपासण्या थांबल्या, त्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुतिन यांनी करारातील सहभाग स्थगित केला. १९७२ पासून सुरू झालेल्या साखळीतली ही शेवटची कडी होती.

आपल्यातले अनेक तरुण विचारतील, याच्याशी आपला काय संबंध? हे तर महासत्तांचे भांडण. म्हणूनच इतिहास नीट पाहिला पाहिजे.

अणुबॉम्बच्या चाचण्या कुठे झाल्या? वॉशिंग्टन किंवा मॉस्कोत नाही. अमेरिकेने पॅसिफिकमधील मार्शल बेटे निवडली. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी येथे झालेला स्फोट हिरोशिमाच्या सुमारे हजार पट शक्तीचा होता. त्याची किरणोत्सारी राख राँगेलाप बेटावरच्या माणसांच्या अंगावर पडली. सोव्हिएत संघाने कझाकस्तानातील सेमिपालातिन्स्क येथे ४० वर्षांत ४५६ चाचण्या केल्या. ब्रिटनने ऑस्ट्रेलियातील आदिवासींची भूमी वापरली. ज्यांच्या मताला किंमत नव्हती, त्यांच्याच जमिनीवर बॉम्ब फुटले. हा योगायोग नव्हे.

मग करार कसे झाले? राज्यकर्त्यांच्या दयेने नाही. बिकिनीच्या स्फोटाची राख जपानी मासेमारी बोटीवरही पडली होती. त्यानंतर जपानमध्ये बॉम्बविरोधी मोहिमेत तीन कोटींहून अधिक सह्या जमल्या. अमेरिकेत सेंट लुईसच्या आयांनी मुलांचे दुधाचे दात तपासणीसाठी पाठवले आणि त्यांत स्ट्रॉन्शियम सापडले. या दबावानंतरच १९६३ चा अंशतः चाचणीबंदी करार आला. जून १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर सुमारे १० लाख लोक उतरले. १९८७ च्या आयएनएफ कराराने २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट झाली. जिथे जनता जागी राहिली, तिथे कागदाला वजन आले. जनता घरी गेली आणि कागद फाटू लागले. २००२ मध्ये अमेरिका क्षेपणास्त्रविरोधी करारातून बाहेर पडली. २०१९ मध्ये आयएनएफही संपला.

आता दुसरी बाजू. १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराने जगाची दोन भागांत वाटणी केली. १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी स्फोट केला ते पाच देश मान्यताप्राप्त, बाकीच्यांना कायमची मनाई. कोण वरचा आणि कोण खालचा हे एका तारखेने ठरले. वरच्यांनी निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी करण्याचे वचन सहाव्या कलमात दिले, ते आजही पूर्ण झालेले नाही. उतरंड कशी दिसते हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही.

भारताने या विषमतेवर बोट ठेवले, ते योग्यच होते. पण उतरंडीला विरोध करण्याचे दोन मार्ग असतात. एक, उतरंड मोडणे. दुसरा, स्वतःसाठी वरची पायरी मिळवणे. आपल्या राज्यकर्त्यांनी दुसरा मार्ग धरला. १९७४ च्या पोखरण स्फोटाला 'हसरा बुद्ध' हे नाव चिकटवले गेले. ११ मे १९९८ चा स्फोट तर बुद्धपौर्णिमेच्याच दिवशी झाला. ज्याने वैराने वैर शमत नाही असे शिकवले, त्याचे नाव संहाराच्या शस्त्राला! या विटंबनेवर आपण पुरेसे बोललो का?

काहीजण म्हणतील, शेजारी बॉम्ब घेऊन बसले असताना आपण काय करायचे? प्रश्न रास्त आहे. पण भारत आणि पाकिस्तान यांनी १९८८ मध्ये एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला दोघे यादी देतात. युद्ध झाले, संसदेवर हल्ला झाला, तरी ही देवाणघेवाण चालू राहिली. म्हणजे शत्रूशीही करार होतो आणि टिकतो. अण्वस्त्रांच्या संख्येवर मात्र या दोघांत एकही मर्यादा नाही. ती मागणी आपण का करू नये?

२०१७ मध्ये १२२ देशांनी अण्वस्त्रबंदी कराराच्या बाजूने मत दिले. चाचण्यांच्या बळींना मदत करण्याचे बंधन त्यात आहे. अण्वस्त्रधारी नऊपैकी एकाही देशाने त्यावर सही केलेली नाही, भारतानेही नाही.

मित्रांनो, बॉम्बवर खर्च होणारा प्रत्येक रुपया शाळा, शिष्यवृत्ती आणि दवाखान्यातून जातो आणि त्याची कात्री आधी कोणावर चालते हे आपण जाणतो. म्हणून येत्या बुद्धपौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास या विषयावर बोला. आपल्या खासदाराला विचारा, त्याची भूमिका काय? करार सत्ताधारी करतात, पण ते पाळायला जनताच लावते.