वाळवीतील विषाणू

वाळवीच्या शरीरात व तिच्या सहजीवी सूक्ष्मजीवांत आढळणारे विषाणू. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाळवीच्या ५० जातींमधून ६७ नवे आरएनए विषाणू नोंदवले गेले. ज्ञात विषाणूंशी त्यांच्या प्रथिनांचे साम्य जेमतेम २० ते ४५ टक्के. असे विषाणू शोधण्यासाठी ते प्रयोगशाळेत वाढवावे लागत नाहीत. कीटकातील सगळा आरएनए वाचून त्याचे तुकडे संगणकावर जुळवतात आणि आरएनएची नक्कल करणाऱ्या विकराचे जनुक हुडकतात. खरी अडचण पुढेच : सापडलेला विषाणू वाळवीचा, तिच्या आतड्यातील सूक्ष्मजीवांचा, की तिने खाल्लेल्या बुरशीचा? रायगडसह कोकणात आढळणारी ओडोंटोटर्मिस वाळवी वारुळात बुरशीची शेती करते. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी, चवीने खाल्ली जाणारी अळंबी त्याच बुरशीची. अशा वाळवीत हा गुंता अधिकच वाढतो.