दाब स्थिर असेल तर

सोलापूरच्या पूर्व भागात उन्हाळा चढला की मोटार रिवायंडिंगच्या दुकानांपुढे जळालेल्या मोटारींची रांग लागते. बहुतेक यंत्रमागाच्या, एक एचपीच्या. आतली तांब्याची तार काळी पडलेली आणि दुकानभर करपलेल्या वार्निशचा वास. मी अशाच एका दुकानात शेगडीची कॉइल दाखवायला गेलो होतो. मिस्त्रींनी मीटरच्या दोन पिना कॉइलच्या टोकांना लावल्या, आकडा ठरेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "त्रेपन्न ओहम. हजार वॉटची आहे ओ तुमची." कागद नाही, पेन नाही. घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट, त्याचा वर्ग ५२,९००. त्याला ५३ नं भागलं की हजाराला दोन कमी.

या हिशेबाचं मूळ शोधत गेलं तर आपण पोचतो जर्मनीतल्या कोलोन गावच्या एका शाळामास्तरापाशी. गेओर्ग सिमोन ओहम, जन्म १७८९, एर्लांगेनचा. वडील कुलपं बनवणारे कारागीर. स्वतः वाचून गणित शिकले आणि मुलांनाही त्यांनीच शिकवलं. हाताला धातूची सवय आणि डोक्याला गणिताची, अशी जोडी ओहमला घरातूनच मिळाली, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीत मला तीच दिसते.

१८२५ साली त्यानं व्होल्टाच्या विजेरीला वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून पाहिल्या. तार लांबली की प्रवाह घटतो हे दिसत होतं, पण किती? आकडे जागेवर राहीनात. प्रवाह ओढला की विजेरीचा दाबच खाली जायचा. त्या आकड्यांवरून त्यानं मांडलेलं पहिलं सूत्र चुकीचं निघालं, आणि ते छापूनही झालं होतं.

मग पोगेनडोर्फ या संपादकानं त्याला सुचवलं की विजेरी सोड, दोन धातूंचा सांधा घे. बिस्मथ आणि तांबं जोडून एक सांधा गरम व दुसरा थंड ठेवला की वीज वाहते, हे झेबेक या शास्त्रज्ञानं १८२१ मध्ये दाखवलं होतं. ओहमनं एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर तापमानातला फरक हलत नाही. फरक हलत नाही म्हणून दाबही हलत नाही. सारख्या जाडीच्या आठ तांब्याच्या तारा त्यानं घेतल्या. सर्वांत आखूड २ इंच, सर्वांत लांब १३० इंच. अ‍ॅमीटर तेव्हा नव्हताच. वर टांगलेली चुंबकसुई प्रवाहानं वळायची, आणि ती पुन्हा जागेवर आणायला टांगणीला किती पीळ द्यावा लागला, तेवढा प्रवाह. १८२६ च्या या मोजमापांत आकडे अखेर ओळीत बसले. नववीच्या पोरांच्या वहीत आज तीन अक्षरांत मावणारा नियम आला तो इथून: विभवांतर, म्हणजे हा दाब, भागिले धारा, म्हणजे प्रवाह, म्हणजे रोध.

१८२७ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि थंड स्वागत झालं. ओहमनं कोलोनची नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीनं कॉप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये, आणि म्युनिकच्या विद्यापीठातलं प्राध्यापकपद मिळालं ते मरणाआधी दोन वर्षं. मला हे वाचताना अजूनही वाईट वाटतं.

वॉटचं घराणं वेगळं. ते इंग्लंडातून आलं. बिअर बनवणाऱ्या घरातल्या जूलनं १८४१ मध्ये दाखवलं की तार तापते ती प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. दाब गुणिले धारा या शक्तीच्या एककाला वॉट म्हणावं, असं विल्यम सीमेन्सनं १८८२ मध्ये सुचवलं. ‘ओहम’ हे नाव त्याच्या आदल्याच वर्षी पॅरिसच्या परिषदेत व्होल्ट आणि अँपियरबरोबर पक्कं झालं होतं. आपल्या मागाच्या मोटारीवरचा एचपी मात्र या सगळ्यांहून जुना, खुद्द जेम्स वॉटनं घोड्यांच्या कामावरून ठरवलेला. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट.

मे महिन्यात दाब २३० वरून २०० वर आला की माझी हजारी शेगडी साधारण ७५६ वॉटची होते. दूध उशिरा उतू जातं, एवढंच. मोटारीचं तसं नाही. मागाचं ओझं तेवढंच असतं, म्हणून दाब कमी पडला की ती करंट जास्त ओढते. आणि करंटचा वर्ग होऊन तार तापते. जूलचं गणित असं वार्निशच्या वासात उतरतं.

हाच वर्ग उलट्या बाजूनं सोलापूरच्या कामी आला. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही २०८ किलोमीटरची ७६५ केव्हीची लाइन चालू झाली, आणि दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाच्या जाळ्याशी एका तालात जोडलं गेलं. ७६५ केव्ही कशाला? तेवढीच वीज ४०० केव्हीऐवजी ७६५ वर नेली तर करंट निम्म्याजवळ येतो, आणि त्याच तारेत उष्णतेत जाणारी वीज साधारण पावपट उरते. मिस्त्रींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मीटर खाली ठेवला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि विचारलं, "मग आपल्या गल्लीपर्यंत येता येता दाब कुठं सांडतो ओ?"