स्पेन २०१० : जगज्जेतेपदाच्या दावेदारीचा लेखाजोखा

विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचे पडघम वाजू लागले की संभाव्य विजेत्यांची यादी तयार होते. जुने विजेते, क्रमवारीतील स्थान, तारांकित खेळाडू आणि सट्टेबाजारातील भाव यांच्या आधारे ही यादी बनते. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत झालेल्या स्पर्धेपूर्वी या यादीत स्पेनचे नाव ब्राझीलच्या बरोबरीने घेतले जात होते. पुढे स्पेनने विश्वचषक जिंकलाही. त्यामुळे ते भाकीत अगदी सोपे होते, असे आज वाटू शकते. प्रत्यक्षात स्पेनच्या बाजूने जेवढे पुरावे होते, जवळपास तेवढेच विरोधातही होते. एखाद्या संघाची विजेतेपदाची संधी कशी जोखावी, याचा अभ्यास करायचा तर २०१० चा स्पेन हे उत्तम उदाहरण ठरते.

इतिहासाचे ओझे

रियल माद्रिद आणि बार्सिलोना हे जगातील दोन बलाढ्य क्लब ज्या देशात आहेत, त्या देशाच्या राष्ट्रीय संघाची २०१० पर्यंतची विश्वचषकातील सर्वोत्तम कामगिरी होती १९५० मधील चौथे स्थान. ब्राझीलमधील त्या स्पर्धेत स्पेनने इंग्लंडला १-० असे नमविले. मात्र अंतिम साखळीत यजमान ब्राझीलकडून त्यांना ६-१ असा सपाटून मार खावा लागला. १९६४ मध्ये माद्रिदला सोव्हिएत संघाला हरवून मिळविलेले युरोपीय विजेतेपद हीच काय ती पुढची चार दशके मिरविण्याजोगी कमाई होती.

बाकी सारा इतिहास हुकलेल्या संधींचा. १९८२ मध्ये यजमान असूनही स्पेनला उत्तर आयर्लंडकडून हार पत्करावी लागली आणि दुसऱ्या फेरीतच गाशा गुंडाळावा लागला. १९८६ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत बेल्जियमने पेनल्टी शूटआऊटमध्ये त्यांना बाहेर काढले. १९९४ मध्ये याच टप्प्यावर इटलीने २-१ असे हरविले. १९९८ मध्ये शेवटच्या साखळी सामन्यात बल्गेरियाचा ६-१ असा धुव्वा उडवूनही साखळीतच परतावे लागले, कारण त्याआधी नायजेरियाने त्यांना हरविले होते आणि पॅराग्वेने गोलशून्य बरोबरीत रोखले होते. २००२ मध्ये यजमान दक्षिण कोरियाविरुद्ध दोन गोल नाकारले गेले आणि पुन्हा शूटआऊटने घात केला. २००६ मध्ये साखळीतील तिन्ही सामने जिंकल्यानंतर फ्रान्सने ३-१ अशी वाट अडविली. 'स्पर्धेपूर्वीचे विजेते' अशी त्यांची संभावना होऊ लागली होती ती उगाच नव्हे.

अरागोनेस यांचे वळण

या संघाची घडी बदलली ती २००६ च्या अखेरीस. युरो पात्रता फेरीत सप्टेंबरमध्ये उत्तर आयर्लंडकडून ३-२ आणि ऑक्टोबरमध्ये स्वीडनकडून २-० असे पराभव झाल्यावर प्रशिक्षक लुईस अरागोनेस यांच्यावर टीकेची झोड उठली. तोवर संघाचा चेहरा असलेल्या राऊल गोन्सालेसला त्यांनी बेलफास्टच्या सामन्यानंतर पुन्हा स्थान दिले नाही. १०२ सामने आणि ४४ गोल नावावर असलेल्या कर्णधाराला वगळणे हा धाडसी निर्णय होता. त्याहून महत्त्वाचा निर्णय होता खेळाच्या पद्धतीचा. शारीरिक ताकद आणि ईर्षा यांवर भर देणारी जुनी शैली सोडून अरागोनेस यांनी झावी, आंद्रेस इनिएस्टा, डेव्हिड सिल्वा, सेस्क फाब्रेगास या चणीने लहान पण चेंडूवर विलक्षण हुकमत असलेल्या खेळाडूंकडे मधली फळी सोपविली. आखूड पासची न तुटणारी साखळी हे या संघाचे वैशिष्ट्य बनले. हीच पद्धत पुढे 'टिकी-टाका' या नावाने जगभर ओळखली गेली.

ही पिढी अचानक उगवलेली नव्हती. १९९९ मध्ये नायजेरियात झालेली जागतिक युवा स्पर्धा स्पेनने जिंकली, त्या संघात झावी आणि इकर कासियास होते. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळविणाऱ्या संघात झावीसोबत कार्लेस पुयोल व जोआन काप्देविला होते. बार्सिलोनाच्या 'ला मासिया' या प्रशिक्षण केंद्रातून झावी, पुयोल, इनिएस्टा, फाब्रेगास, जेरार्ड पिके, सर्जिओ बुस्केट्स आणि पेद्रो घडले. दहा-बारा वर्षांपूर्वी पेरलेले बियाणे एकाच हंगामात कापणीला आले होते.

२००८ च्या युरो स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत स्पेनने इटलीला शूटआऊटमध्ये हरविले आणि 'शूटआऊट म्हणजे हार' हे भूत मानगुटीवरून उतरविले. व्हिएन्नातील अंतिम लढतीत फर्नांडो टॉरेसच्या गोलने जर्मनीवर १-० अशी मात करून त्यांनी ४४ वर्षांनी युरोपीय विजेतेपद पटकाविले.

जमेची बाजू

विश्वचषकापूर्वी स्पेनच्या बाजूने बोलणारे आकडे भक्कम होते. नोव्हेंबर २००६ मध्ये रुमानियाकडून झालेल्या पराभवानंतर जून २००९ पर्यंत हा संघ सलग ३५ सामने अपराजित राहिला आणि ब्राझीलच्या विक्रमाची त्याने बरोबरी केली. अरागोनेस यांच्यानंतर सूत्रे हाती घेणाऱ्या व्हिसेंते डेल बॉस्के यांनी पद्धतीत मोडतोड केली नाही. विश्वचषक पात्रता फेरीतील दहाच्या दहा सामने स्पेनने जिंकले. २८ गोल केले आणि केवळ पाच स्वीकारले.

संघाचा पाया दोन क्लबांवर उभा होता. २३ जणांच्या चमूत बार्सिलोनाचे सात खेळाडू होते आणि मे २०१० मध्ये व्हॅलेन्सियाकडून तेथे दाखल झालेला डेव्हिड व्हिया आठवा. रियल माद्रिदचे पाच खेळाडू होते. राष्ट्रीय संघांना सरावासाठी वर्षातून मोजकेच दिवस मिळतात. स्पेनच्या मधल्या फळीला मात्र आठवड्यामागून आठवडे एकत्र खेळण्याची सवय होती. इतर संघ ज्या समन्वयासाठी धडपडत होते, तो स्पेनला जणू आयता मिळाला होता.

खर्चाची बाजू

दुसऱ्या पारड्यातही वजन कमी नव्हते. २००९ च्या कॉन्फेडरेशन्स चषक स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेच्याच भूमीवर, ब्लूमफाँटेन येथील उपांत्य सामन्यात अमेरिकेने स्पेनला २-० असे हरवून त्यांची अपराजित मालिका खंडित केली होती. खोल बचाव करायचा, मधली जागा बंद करायची आणि प्रतिहल्ल्याची वाट पाहायची, हा स्पेनविरुद्धचा उतारा त्या सामन्याने साऱ्या जगाला दाखविला.

दुखापतींची चिंता वेगळीच. टॉरेसच्या गुडघ्यावर एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली होती. मार्चअखेर फाब्रेगासच्या पायाचे हाड मोडले होते. इनिएस्टाचा सारा हंगाम स्नायूंच्या दुखापतींनी पोखरला होता आणि स्पर्धेच्या तोंडावर पोलंडविरुद्धच्या सराव सामन्यातही त्याला मैदान सोडावे लागले.

इतिहासाचा कौलही प्रतिकूल होता. तोपर्यंत एकाही युरोपीय संघाने युरोपबाहेर विश्वचषक जिंकलेला नव्हता. युरोपीय विजेत्याने लगेचच्या विश्वचषकात बाजी मारल्याचे उदाहरण एकच, पश्चिम जर्मनीचे. १९७२ मध्ये युरोप आणि १९७४ मध्ये जग, आणि तेही स्वतःच्या अंगणात. शिवाय 'ह' गटात दुसरे स्थान मिळाले असते, तर पुढच्याच फेरीत 'ग' गटाच्या विजेत्याशी, म्हणजे संभवतः ब्राझीलशी गाठ होती.

दावेदारीचे गणित

येथे एक साधे गणित ध्यानात घेण्याजोगे आहे. २०१० च्या स्वरूपात साखळीनंतर बाद फेरीचे चार सामने सलग जिंकणे आवश्यक होते. एखादा संघ इतका बलवान आहे की यातील प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ७० टक्के आहे, असे मानले, तरी चारही जिंकण्याची शक्यता जेमतेम २४ टक्के भरते. हीच शक्यता दर सामन्यास ८० टक्के धरली, तरी एकूण आकडा ४१ टक्क्यांच्या पुढे जात नाही. म्हणजेच स्पर्धेतील सर्वांत बलाढ्य संघही न जिंकण्याचीच शक्यता अधिक असते. 'प्रमुख दावेदार' या शब्दांचा अर्थ 'इतर प्रत्येकापेक्षा थोडा पुढे' एवढाच असतो. मोठ्या संघांच्या पराभवाला दरवेळी मानसिक दुर्बलतेचा शिक्का मारणारे हा हिशेब विसरतात. स्पेनच्या जुन्या अपयशांपैकी किमान दोन तरी शूटआऊटमधील होती, हेही येथे नोंदविले पाहिजे.

कसोटीचे पंचवीस दिवस

१६ जून २०१० रोजी डर्बन येथे सर्व शंका खऱ्या ठरल्या. ओटमार हिट्झफेल्ड यांच्या स्वित्झर्लंडने खोल बचाव केला आणि ५२ व्या मिनिटाला गेल्सन फर्नांडिसने धक्काबुक्कीतून मिळालेला चेंडू जाळ्यात धाडला. झाबी अलोन्सोचा फटका आडव्या खांबावर आदळला आणि स्पेन ०-१ असा हरला. सलामीचा सामना गमावून त्यापूर्वी कोणीही विश्वविजेता झाले नव्हते.

बुस्केट्स आणि अलोन्सो या दोन बचावात्मक मध्यरक्षकांना एकत्र खेळविण्यावर मायदेशात कडाडून टीका झाली. डेल बॉस्के यांनी ती जोडी कायम ठेवली. पराभवाने ते गांगरले नाहीत. संघाने संधी निर्माण केल्या होत्या, त्या साधल्या नव्हत्या, इतकाच धडा त्यांनी घेतला. होंडुरासला २-० आणि चिलीला २-१ असे हरवून स्पेनने गटात अव्वल स्थान मिळविले आणि ब्राझीलचा संभाव्य सामना टाळला.

पुढील चारही सामने १-० याच फरकाने जिंकले गेले. पोर्तुगालविरुद्ध व्हियाने गोल केला. पॅराग्वेविरुद्ध स्पर्धा निसटलीच होती. ऑस्कर कार्डोसोची पेनल्टी कासियासने अडविली. लगेच दुसऱ्या बाजूला अलोन्सोने पेनल्टीवर केलेला गोल पंचांनी रद्द ठरविला आणि पुन्हा मारलेला फटका गोलरक्षकाने रोखला. अखेर ८३ व्या मिनिटाला व्हियाचा फटका दोन्ही खांबांना लागून आत गेला. उपांत्य सामन्यात इंग्लंड व अर्जेंटिनाला प्रत्येकी चार गोलांनी झोडपणाऱ्या जर्मनीला पुयोलच्या हेडरने घरी धाडले. ११ जुलै रोजी जोहान्सबर्ग येथे नेदरलँडविरुद्धच्या अंतिम सामन्यात एकट्याने चाल करून आलेल्या आर्येन रॉबेनचा फटका कासियासने पायाने अडविला आणि जादा वेळेत ११६ व्या मिनिटाला इनिएस्टाने इतिहास घडविला.

सात सामन्यांत स्पेनचे गोल अवघे आठ. त्यातील पाच एकट्या व्हियाचे. इतके कमी गोल करून तोवर कोणीही जगज्जेता झाले नव्हते. स्पेनच्या आक्रमणाची जगभर वाहवा झाली, पण कपाट भरले ते बचावाने. चेंडू सतत आपल्याजवळ राखणे हाच या संघाचा बचाव होता. प्रतिस्पर्ध्याला चेंडूच मिळेना, तर तो गोल कुठून करणार? २००८ चे तीन आणि २०१० चे चार अशा बाद फेरीच्या सातही सामन्यांत स्पेनने एकही गोल स्वीकारला नाही.

विजेतेपदापलीकडे

या विजयाला राजकीय किनारही होती. कॅटलोनियाच्या स्वायत्ततेच्या सनदेबाबत घटनात्मक न्यायालयाने दिलेल्या निकालाविरुद्ध अंतिम सामन्याच्या आदल्याच दिवशी बार्सिलोनात विराट मोर्चा निघाला होता. दुसऱ्या रात्री कॅटलन पुयोल आणि झावी यांनी माद्रिदच्या कासियाससोबत चषक उंचावला. त्या दोघांनी मैदानावर कॅटलन ध्वजही मिरविला. फुटबॉलने देशातील तेढ मिटविली असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. माद्रिद आणि बार्सिलोना यांचे खेळाडू एका ध्येयासाठी एकत्र नांदू शकतात, एवढे मात्र या संघाने सिद्ध केले.

२०१२ मध्ये इटलीला ४-० असे लोळवून स्पेनने युरो विजेतेपद राखले. त्यानंतर घसरण आली. २०१४ च्या विश्वचषकात नेदरलँडने ५-१ अशी परतफेड केली आणि गतविजेते साखळीतच बाद झाले. २०१८ मध्ये रशिया आणि २०२२ मध्ये मोरोक्को यांनी शूटआऊटमध्ये स्पेनला रोखले. दोन्ही सामन्यांत चेंडू बहुतांश काळ स्पेनकडेच होता. गोलच्या दिशेने धार तेवढी उरली नव्हती. २०२४ ची युरो स्पर्धा सातही सामने जिंकून त्यांनी पुन्हा काबीज केली ती लामिन यमाल आणि निको विल्यम्स या वेगवान विंगर्सच्या जोरावर.

निष्कर्ष

कोणत्याही राष्ट्रीय संघाची संधी जोखताना २०१० च्या स्पेनकडून तीन कसोट्या हाती लागतात. पहिली, संघाचा कणा किती काळ एकत्र खेळला आहे. दुसरी, बाद फेरीत तो किती कमी गोल स्वीकारतो. तिसरी, पहिला धक्का बसल्यावर प्रशिक्षक आपल्या पद्धतीवर ठाम राहतो काय. या तिन्हींत उत्तीर्ण होणाऱ्या संघालाही एखादी रोखलेली पेनल्टी आणि खांबाला लागून आत जाणारा फटका लागतोच. २०२२ मध्ये सौदी अरेबियाकडून सलामीचा सामना गमावल्यावर अर्जेंटिनाला मोडीत काढणाऱ्यांनी डर्बनचा सामना आठवला असता, तर त्यांनी निकालाची इतकी घाई केली नसती.

२०१० विश्वचषकातील स्पेनची वाटचाल

साखळी : स्वित्झर्लंडकडून ०-१ पराभूत, होंडुरासवर २-०, चिलीवर २-१ विजय
दुसरी फेरी : पोर्तुगालवर १-०
उपांत्यपूर्व : पॅराग्वेवर १-०
उपांत्य : जर्मनीवर १-०
अंतिम : नेदरलँडवर १-० (जादा वेळेत)