कंटेनरमध्ये मेनफ्रेम: जुन्या संगणकप्रणालीचा सराव घरच्या संगणकावर

बँका, विमा कंपन्या आणि विमानसेवा यांचे प्रचंड व्यवहार सांभाळणाऱ्या मोठ्या संगणकांना मेनफ्रेम म्हणतात. आयबीएम कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टीम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली. तिच्या परंपरेतील यंत्रे आजही वापरात आहेत. मात्र त्यांची किंमत विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरची असल्याने प्रत्यक्ष सरावाची संधी बहुधा नोकरी लागल्यावरच मिळते. ही उणीव काही अंशी भरून काढण्याचा मार्ग आता घरच्या संगणकावर उपलब्ध आहे.

या मार्गात दोन साधने लागतात आणि त्यांची कामे वेगळी आहेत. रॉजर बॉलर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला हर्क्युलिस हा एम्युलेटर मेनफ्रेमच्या यंत्रसूचना, डिस्क, टेप आणि छपाईयंत्र यांची नक्कल करतो. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरसारखे साधन हा एम्युलेटर, त्याच्या सेटिंग्ज आणि आवश्यक फायली एका कंटेनरमध्ये एकत्र बांधून देते. कंटेनर यजमान संगणकाचेच कर्नल वापरतो. मेनफ्रेमच्या यंत्राची नक्कल करण्याचे काम हर्क्युलिसकडेच राहते.

सरावासाठी प्रामुख्याने एमव्हीएस ३.८ ही प्रणाली वापरली जाते. एमव्हीएस १९७४ मध्ये प्रथम वापरात आली. तिच्यात प्रत्येक कामाला १६ मेगाबाइटचे स्वतंत्र आभासी स्मृतिक्षेत्र मिळते. वापरकर्ता ३२७० प्रकारच्या टर्मिनलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामद्वारे तिच्याशी जोडला जातो. जेसीएल लिहून काम सोपवणे, डेटासेट तयार करणे, कोबॉलचा प्रोग्राम चालवणे, हे सारे येथे शिकता येते. आयबीएमच्या आजच्या झेड/ओएस प्रणालीसाठी मात्र कंपनीचा परवाना लागतो. केवळ एम्युलेटर हाताशी आहे म्हणून तो परवाना मिळत नाही.

वापरकर्त्यांनी दोन बाबतींत विशेष दक्षता घ्यावी. पहिली बाब डिस्कची. मेनफ्रेमची प्रत्येक डिस्क येथे एका फाइलच्या रूपात असते. ही फाइल कंटेनरच्या आतच ठेवली, तर कंटेनर काढून टाकताच तिच्यात केलेले सारे काम नष्ट होते. म्हणून डिस्कच्या फायली यजमान संगणकावरील व्हॉल्यूममध्ये ठेवाव्यात.

दुसरी बाब प्रणाली बंद करण्याची. कंटेनर थांबवण्याची आज्ञा दिल्यावर डॉकर साधारणपणे १० सेकंद वाट पाहतो आणि नंतर प्रक्रिया बळाने बंद करतो. एमव्हीएसच्या दृष्टीने ही चालत्या यंत्राची वीज अचानक जाण्यासारखीच घटना असते. त्यामुळे अर्धवट लिहिलेली माहिती बिघडू शकते. यासाठी आधी टीएसओचे वापरकर्ते बाहेर काढावेत, मग जेईएस२ बंद करावे, त्यानंतर हर्क्युलिस आणि सर्वांत शेवटी कंटेनर थांबवावा.

अर्ध्या शतकापूर्वीच्या यंत्रचालकांनाही बंद करण्याचा क्रम असाच पाळावा लागत असे. यंत्र आता फाइलमध्ये सामावले असले, तरी ती शिस्त कायम आहे.